चिंगीला शोभेल असा रंग

बाळ पिवळं दिसतंय हे शेडताईच्या लक्षात दवाखान्यातून घरी आल्याच्या दुसऱ्याच सकाळी आलं होतं. पण त्या घटकेला घरात प्रश्न बाळाचा नव्हता, झबल्याचा होता.

पलंगभर कपडे पसरले होते. फोटोवाली येणार होती, आणि तिने फोनवर बजावून ठेवलं होतं की बाळ अंगाचं मुटकुळं करून झोपतं ते पहिले थोडेच दिवस. एकदा का हातपाय ताणायला लागलं की तसले फोटो विसरा. रंगही तिनेच कळवले होते. त्या रंगांची नावं ऐकून शेडताईची करमणूक झाली. ज्याला ती जन्मभर मळकट म्हणत आली त्याला म्हणे ‘ओटमील’ म्हणायचं, शेवाळी रंगाला ‘सेज’, आणि धुऊन धुऊन विटलेल्या गुलाबीला ‘डस्टी रोझ’.

"विटलेले कापडाचे ताके आम्ही कारखान्यात मिळेल त्या भावाने फुंकून टाकायचो," ती लेकीला म्हणाली. "माल वाईट नव्हता तर. आमचं बारसं चुकलं होतं."

लेक हसली नाही. तिने चिंगीला पांढरं झबलं घातलं, मान तिरकी करून पाहिलं आणि काढलं. "जुन्या कागदासारखी दिसतेय." मग शेवाळी घातलं. तेही काढलं. "यात आजारी दिसते."

तो शब्द खोलीत पडला आणि कोणी उचलला नाही.

शेडताई हे तिचं कारखान्यातलं नाव, शेड म्हणजे रंगाची छटा. कपडे शिवायच्या कारखान्यात ती ताक्यांचा रंग जुळवायची. एकाच रंगाचे म्हणून आलेले दोन ताके कधीच अगदी एकसारखे नसतात. एकाची बाही दुसऱ्याच्या पाठीला लागली की सदरा उष्टावल्यासारखा दिसतो. म्हणून प्रत्येक ताक्याची पट्टी खिडकीशी धरून हा यात, तो त्यात, असं ती ठरवायची. बाकीच्यांना जिथे नुसता पांढरा दिसे तिथे तिला निळसर, पिवळसर, राखाडी अशी अख्खी भावंडं दिसत. आणि एखादा माल रंगाऱ्याकडूनच बिघडून आला, परत पाठवायला वेळ नसला, की त्याला कोणतं अस्तर आणि कोणती कॉलर लावली म्हणजे बिघाड डोळ्यांत भरणार नाही, हेही तिलाच विचारत. या कामात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. गिऱ्हाईक खूश, मालक खूश, आणि बिघडलेला ताका कोणाच्या तरी अंगावर सुखाने नांदायचा.

लेक पलंगाच्या कडेला बसली. टाके ओढत होते म्हणून एका अंगावर कलून. गरोदरपणाचे शेवटचे महिने तिने आडवं पडून काढले होते. उठायचं नाही, वाकायचं नाही, काळजी करायची नाही. या तिसऱ्या नियमाने सगळ्यात जास्त काळजी लावली होती. तेवढ्या काळात तिने दुसरं काही केलं नाही, फोनवर लोकांच्या बाळांचे फोटो साठवले. टोपलीतलं बाळ, चंद्रकोरीवरचं बाळ, हातावर हनुवटी टेकवलेलं बाळ.

"आई, एक बोलू? रागावू नकोस."

"बोल."

"मी हिच्याकडे बघते ना, तर काहीतरी चुकतंय असं वाटतं. आवडत नाही असं नाही ग. पण बरोबर वाटत नाही. सगळ्या जणी म्हणतात पहिल्यांदा पाहिलं की भरून येतं. मला नुसती भीती वाटते. मी वाईट आई आहे का?"

शेडताईने हे ऐकलं आणि ती घाबरली. बाळासाठी नाही, लेकीसाठी. कारखान्यात मशीनवरची एक मुलगी बाळंत होऊन आली ती अशीच बोलायची, आणि पुढे तिचं फार वाईट झालं होतं. आपल्या लेकीचं तसं होऊ द्यायचं नाही, एवढा एकच विचार शेडताईच्या डोक्यात घुसला आणि दार लावून बसला.

"वेडी आहेस," ती म्हणाली. "चूक बाळात नाहीये. रंगात आहे. थांब."

दवाखाना सोडताना डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, थोडी कावीळ बहुतेक बाळांना होते, आपोआप उतरते. पण पिवळेपणा अंगावर खाली उतरायला लागला, दूध ओढेनाशी झाली, फार झोपायला लागली तर वाट न बघता घेऊन या. घरच्यांनी या सूचनेचा पहिला अर्धा भाग बाळाबरोबर दुपट्यात गुंडाळून आणला. दुसरा अर्धा तिथेच बाकावर राहिला.

शेडताईने आपली नमुन्यांची पिशवी काढली. कारखान्यातून आणलेले मऊ सुती तुकडे त्यात घड्या करून ठेवलेले होते. एकेक ती चिंगीच्या गालाशी धरत गेली. आकाशी: नको, पिवळेपणा उठून दिसतो. गुलाबी: नको. तपकिरी: बरा, पण निस्तेज. आणि मग एक गडद पिवळा, सूर्यफुलाच्या पाकळीसारखा. तो गळ्याशी येताच चिंगीचा चेहरा बदलला. एवढ्या भडक पिवळ्यापुढे बाळाचा पिवळेपणा कुठल्या कुठे पळाला आणि गालांवर चक्क गुलाबी झाक आली. मोठ्या चोरापुढे भुरटा चोर सज्जन दिसतो, तशातली गत.

"अगोबाई," लेक म्हणाली. "किती गोड दिसतेय ही." तिने चिंगीला उचलून छातीशी धरलं, आणि दवाखान्यातून आल्यापासून पहिल्यांदा ती हसली.

त्या हसण्यासाठी शेडताईने काहीही केलं असतं. केलंच होतं.

पुढचे दिवस घर त्या दुपट्याभोवती फिरलं. पिवळ्याशी जाईल म्हणून लेकीने स्वतःसाठी क्रीम रंगाचा झगा काढला, जावयाला क्रीम शर्ट. जावई लिफ्टदुरुस्तीच्या कामावर. त्याच्याकडे आजवर एकच रंग होता, ग्रीसचा. "आई, यात मी व्हॅनिला आइस्क्रीमसारखा दिसतो," तो शर्ट छातीशी धरून म्हणाला. "आणि तुम्ही काय घालणार?"

"मी कशाला फोटोत? मी म्हणजे अस्तर. आतल्या बाजूने."

आणि चिंगी झोपायची. किती झोपायची. दूध पाजायला घेतलं की चार घोट ओढून डोळे मिटायची. लंगोट कोरडेच्या कोरडे. "शहाणं बाळ आहे," शेजारीण म्हणाली. "आमचा होता तो, अख्खी इमारत जागवायचा." जावई म्हणाला, झोपेच्या बाबतीत लेक बापावर गेली. सगळ्यांनी मिळून त्या झोपेचं कौतुक केलं. शेडताईनेही केलं, पण भांडी घासता घासता हात मध्येच थांबायचा. लंगोट बदलताना तिला दिसत होतं की कालपर्यंत छातीवर असलेला रंग आज पोटावर आहे. ती दुपटं नीट ओढून घ्यायची, जसं उघड्या पातेल्यावर आपण झाकण ठेवतो.

एकदा तिने विषय काढला. "उद्या एकदा डॉक्टरांना दाखवून आणू या का हिला?"

"उद्या शूट आहे ना, आई." लेकीचा आवाज लगेच कापायला लागला. "का? काय झालं? तुला काही दिसतंय का?"

"काही नाही. उगीच आपलं."

"परवा जाऊ मग."

"परवा जाऊ," शेडताई म्हणाली.

फोटोवाली सकाळी आली ती अर्धं दुकान घेऊन. गाद्या, टोपल्या, लोकरीची टोपडी, छोटा हीटर. खोली तापवायची, पडदे सारायचे, बाळ खिडकीशी ठेवायचं, अशी तिची पद्धत होती. तरुण, चटपटीत, आणि बाळाला हात लावण्याआधी स्वतःचे हात हीटरवर शेकणारी. शेडताईला ती आवडली.

"काकू, एवढा भडक पिवळा?" ती दुपटं पाहून म्हणाली. "याची झाक हनुवटीवर पडते. माझ्याकडे ओटमील आहे."

"मला ठाऊक आहे तुझं ओटमील," शेडताई म्हणाली. "एकदा घालून बघ, मग बोल."

जावई कामावरून दुपारी परस्पर येणार होता, सगळ्यांच्या फोटोसाठी. तोवर चिंगीचे एकटीचे फोटो. फोटोवालीने तिला दुपट्यात गुंडाळलं, डोक्याला फुलाची पट्टी बांधली, हात हनुवटीखाली आणले. चिंगी मेणाच्या गोळ्यासारखी ठेवू तशी राहिली. "कमाल आहे ताई," फोटोवाली लेकीला म्हणाली. "एवढी शांत बाळं मिळत नाहीत मला. नाहीतर अर्धा वेळ नुसती झोपवण्यात जातो." लेकीचा चेहरा उजळला. क्रीम झग्यात ती सुंदर दिसत होती, आणि फार थकलेली.

शेडताई खिडकीच्या बाजूला उभी होती. तिने चिंगीकडे पाहिलं आणि तिला ती गुलाबी झाक सापडेना.

तिने डोळे मिटले, दूर पाहिलं, परत पाहिलं. कारखान्यात डोळा थकला की असंच करायची. झाक नव्हती. दुपट्याच्या कडेपाशी चेहरा कुठे सुरू होतो ते वेगळं काढता येत नव्हतं. ताक्यांच्या बाबतीत तिला एक सवय होती: काल जुळलेलं आज जुळलं नाही तर घाबरायचं नाही, एकेक बाजूला काढत जायचं. खिडकी तीच होती. ऊन तसंच होतं. कापड तेच, तिने स्वतः घडी उलगडली होती, आणि कापडाचा रंग काही दिवसांत गडद होत नाही. मग बदललं होतं ते एकच.

ती खिडकीपासून पुढे आली.

"थांब जरा," ती म्हणाली.

"काय झालं, काकू?"

"फोटो थांबव. आपल्याला दवाखान्यात जायचंय."

लेक पाहतच राहिली. "आई, काय बोलतेस?"

"पिवळी पडलीय ती. फार."

"ते होय," फोटोवाली म्हणाली. तिला वाटलं म्हातारी उगीच घाबरली. "काकू, ते मी नंतर कॉम्प्युटरवर काढते. सगळ्याच बाळांचं काढावं लागतं."

"किती काढतेस?"

"म्हणजे?"

"नेहमी जेवढं काढतेस, तेवढ्यात ही बसेल का? तुझ्या त्या पडद्यावर बघ आणि सांग."

फोटोवालीने कॅमेरा उलटा करून पाहिलं. आधीचे फोटो मागे नेले, पुढे आणले. मग तिने मान न उचलता सांगितलं, "नाही बसणार."

"दोन फोटो," लेक म्हणाली. "फक्त दोन, आई. टोपलीतला राहिलाय. मग जाऊ, लगेच जाऊ." आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, कारण तिलाही कळलं होतं. माणूस कधी कधी दरवाजा पडू लागला की तो धरायचा सोडून आधी त्यावरचा धुळीचा डाग पुसायला धावतो.

शेडताईने दुपटं सोडलं. पोट, मांड्या, पोटऱ्या, आणि तळपाय. तळपायसुद्धा पिवळे होते. तिने चिंगीच्या मांडीवर बोट दाबून उचललं. दाबलेल्या जागी पांढरं उमटायला हवं होतं, पिवळं उमटलं. तिने तळपायावर टिचकी मारली. परत मारली. गाल चोळला, कान ओढला. "चिंगे, ऊठ. ऊठ ग राणी. रड. एकदा रडून दाखव." बऱ्याच वेळाने चिंगीने तोंड उघडलं आणि एक बारीक, उंच आवाज काढला, तेल न घातलेल्या मशीनसारखा. बाळ तसं रडत नाही. चिंगीने मान मागे टाकली आणि ती परत झोपली.

"माझी गाडी खाली आहे," फोटोवाली म्हणाली. तिने कॅमेरा पलंगावर चक्क फेकला.

गाडीत लेक सबंध वाटभर चिंगीला छातीशी लावत होती. "तोंड उघड ना ग. एकच घोट." दूध चिंगीच्या ओठांवरून ओघळून दुपट्यात जिरत होतं. शेडताई मागे शेजारी बसून तळपाय चोळत होती. प्रत्येक सिग्नलला फोटोवाली काच खाली करून पुढच्या गाडीवाल्याला "बाळ आहे दादा, बाळ आहे" म्हणून विनवत होती, आणि सिग्नल काही कोणाच्या विनवणीने हिरवा होत नाही.

तान्ह्या बाळांच्या विभागातल्या सिस्टरने चिंगीला हातात घेतलं आणि क्षणभर पाहतच राहिली. पिवळं दुपटं, डोक्याला कापडी फूल.

"हिला नटवलंय कोणी?"

सिस्टर उत्तरासाठी थांबली नाही.

"पिवळ्या कपड्यात कावीळ कधी दिसते का? पांढऱ्यात ठेवायचं असतं." बोलता बोलता तिने दुपटं दूर केलं, फुलाची पट्टी ओढून काढली, टाचेतून रक्त घेतलं आणि चिंगीला आत नेलं. काचेपलीकडे तिला निळ्या दिव्यांच्या पेटीत ठेवलं. अंगावर फक्त लंगोट, डोळ्यांवर पट्टी.

मग डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. त्यांनी काही लपवलं नाही. कावीळ फार चढली होती. अशी चढली की ती मेंदूपर्यंत जाऊ शकते, आणि एकदा गेली की मागे घेता येत नाही. दिव्याखाली ठेवलंय, नळीने दूध देतोय. पुढच्या तपासणीत आकडा उतरला नाही तर अंगातलं रक्त बदलावं लागेल; रक्त मागवून ठेवलंय. "आत्ता मी तुम्हाला हो किंवा नाही काही सांगू शकत नाही," त्या म्हणाल्या. "कधीपासून अशी झोपत होती?"

"आम्हाला वाटलं शांत आहे," लेक म्हणाली.

जावई धावत आला. बायकोने घरून निघताना फोनवर काय सांगितलं ते त्याला धड कळलं नव्हतं, आणि तो शूटसाठी म्हणून क्रीम शर्ट घालूनच कामावरून निघाला होता, केस बसवून. बाकावर आता क्रीम झगा आणि क्रीम शर्ट शेजारी शेजारी बसले. पलीकडच्या बाकावरच्या म्हाताऱ्या गृहस्थांनी कौतुकाने पाहिलं. "काही कार्यक्रम आहे वाटतं?"

"होता," जावई म्हणाला. मग त्याने चेहरा दोन्ही हातांत घेतला. हातांच्या रेषांतलं ग्रीस निघालं नव्हतं.

फोटोवाली जिन्यापाशी उभी होती. तिला जावंसं वाटत नव्हतं आणि थांबायला जागा नव्हती. शेडताईने तिला खुणेने जा म्हटलं. ती गेली नाही, खालून पाण्याच्या बाटल्या घेऊन आली.

बराच वेळ गेल्यावर लेक आईकडे वळली. तिचा आवाज अगदी साधा होता, घरात मीठ कुठे ठेवलंय विचारावं तसा.

"तुला कधी दिसलं होतं?"

शेडताईला उत्तरं सुचली. आजच, असं म्हणता आलं असतं. वय झालं, डोळे पूर्वीसारखे नाहीत, असंही. तिच्या डोळ्यांना कधी काय दिसलं याला तिच्या शब्दाबाहेर दुसरा पुरावा जगात नव्हता.

"आलात त्याच्या दुसऱ्या दिवशी," ती म्हणाली.

"आणि ते दुपटं?"

"ते मुद्दाम शोधलं. तिचा रंग झाकावा म्हणून. तू रडत होतीस. तुला काही होईल असं मला वाटलं."

"मी म्हटलं होतं तुला," लेक म्हणाली. "काहीतरी चुकतंय असं मी म्हटलं होतं. आणि तू म्हणालीस रंगात चूक आहे." जावयाने तिच्या पाठीवर हात ठेवला, तिने तो झटकला. "मला वाटलं मीच वेडी. मला बरोबर दिसत होतं, आई. मला बरोबर दिसत होतं आणि तू मला ते पुसून दिलंस."

शेडताईने पदर शोधावा तशी बाकाची कड हाताने शोधली आणि घट्ट धरली.

सिस्टर दाराशी आली. बाळ हात हलवून डोळ्यांवरची पट्टी सारखी सरकवतंय, दिव्याचा त्रास डोळ्यांना होईल. घरचं कोणी तरी एकजण जवळ बसा, हात धरून ठेवा. "आई या," ती म्हणाली.

लेक उठायला गेली आणि टाक्यांमुळे अर्ध्यातच वाकली. जावई पुढे झाला. लेकीने त्याला थांबवलं. भिंतीला हात टेकून ती उभी होती, आणि ती आपल्या आईकडे पाहत होती. पाहण्यात माया होती असं म्हणवत नाही.

"तू जा," ती म्हणाली. "माझ्यापेक्षा तुला नीट दिसतं. आत जाऊन बघ आणि मला सांग. जे दिसेल ते. मला बरं वाटावं म्हणून एक अक्षर बोलू नकोस."

शेडताईने हात धुतले, सिस्टरने दिलेला पांढरा डगला चढवला आणि आत गेली. पेटीच्या गोल छिद्रातून हात घालून तिने चिंगीची मूठ धरली. मूठ कोमट होती. तिने मग डोळे मोठे करून पाहिलं. गाल, छाती, पोट, तळपाय. सगळं निळं होतं. पिवळं कुठे होतं, गेलं होतं का, उतरत होतं का, त्या उजेडात काही म्हणजे काही कळत नव्हतं. छाती वरखाली होत होती, तेवढं दिसत होतं.

काचेला लेकीचा चेहरा चिकटला होता. भुवया उंचावल्या होत्या: काय?

शेडताईची मान होकारात हलायच्या बेतात होती. इतक्या वर्षांची सवय, मान आपोआप हलते. तिने ती आवरली. मग मोकळा हात काचेसमोर उघडला आणि सावकाश, लेकीला नीट दिसेल असा, नकारार्थी हलवला.

कळत नाही, तिने ओठांनी सांगितलं. अजून काही कळत नाही.

लेकीने मान डोलावली आणि ती तिथेच उभी राहिली. शेडताईने परत चिंगीकडे तोंड केलं आणि तिच्या मुठीत आपलं बोट सारलं.